सांबरखोलच्या दोन जादा रात्री

“आनि ह्यो दिवा आभाळाकडं तोंड करून कशापायी?” भागूमावशींनी विचारलं. “मानसं तर खाली हाईत.”

मी तिवईचे पाय दगडांत पक्के बसवत होते. वर हजार वॉटचा दिवा, खाली जनित्राची वायर आणि सभोवती सांबरखोलची झाडून सगळी माणसं. सांबरखोल म्हणजे कोल्हापूरच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, अठरा घरांचा धनगरवाडा. भागूबाई झोरे त्या वाडीच्या कोणीच नव्हत्या, ना पाटील ना सरपंच; पण त्यांना विचारल्याशिवाय तिथे म्हैससुद्धा विकली जात नसे. तेव्हा त्यांना उत्तर देणं भाग होतं.

“वरून उपग्रह जातो, मावशी. रात्री जमिनीवरचे दिवे बघतो. कुठे किती उजेड आहे ते टिपून घेतो.”

“मग?”

“त्याला नीट दिसतं की नाही ते तपासायचंय. आपण असा दिवा लावायचा की ज्याचा उजेड आपल्याला पक्का माहीत आहे. तो डोक्यावरून गेला की बघायचं, त्याला तो केवढा दिसला.”

“म्हंजे डोळं तपासाय आलायसा.”

पीएचडीचा पहिला अध्याय लिहायला मला दोन वर्षं लागली होती. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

“आनि आमचीच वाडी का?”

“आजूबाजूला दुसरा उजेड असून चालत नाही. नकाशावर सगळ्यात काळी जागा शोधली, ती ही निघाली.”

“एकुनीस वर्सं अर्ज करतोय लाईटीसाटी,” भागूमावशी म्हणाल्या, “कुनाला घावलो न्हाई. तुमाला बरं घावलो.”

त्या टोमणा मारत होत्या की नुसतं सांगत होत्या, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मात्र त्या वर्षी सांबरखोलचं नाव खरंच यादीत आलं होतं. तीन महिन्यांत खांब येणार, असं तालुक्याच्या वीज कचेरीने लेखी दिलं होतं. तो कागद त्यांनी मला प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला आणि मी हात लावायच्या आत परत आत ठेवला.

लाईटीची घाई साऱ्या वाडीलाच होती, पण भागूमावशींना जरा जास्त. त्यांचा मुलगा नवलू चौतिशीला आला होता. चार ठिकाणी सोयरीक जुळत आली आणि चारही ठिकाणी एकाच कारणाने फिसकटली: अंधारात पोरगी कोण देणार? आता पाचवं ठिकाण होतं, वरकवाडीच्या कोंडीबा वरकांची सगुणा. पोरीला नवलू पसंत होता, बापाला म्हशी पसंत होत्या. वरकवाडीत दहा वर्षांपूर्वीच लाईट आली होती, त्यामुळे अट एकच, घरात लाईट पाहिजे. नवलू स्वतः याबद्दल काही बोलत नसे. तो तसा कशाबद्दलच काही बोलत नसे.

आता त्या दिव्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. आमच्या धंद्यात त्याला प्रमाणदिवा म्हणतात. त्याचा उजेड प्रयोगशाळेत मोजून आणलेला असतो, आणि तो जळेल तसा म्हातारा होतो, मंद होतो. म्हणून त्याचं मिनिट न् मिनिट वहीत लिहायचं. उपग्रह रात्री दीडला जातो, तर दिवा एक दहाला लावायचा आणि एक पन्नासला बंद करायचा. चुलीपाशी दिसत नाही म्हणून तो लावायचा नाही, साप निघाला तरी लावायचा नाही. आणि ज्या रात्री तो लावला त्या तारखा नकाशा बनवणाऱ्यांना कळवायच्या, म्हणजे ते त्या रात्री हिशेबातून वगळतात. नाहीतर ओसाड सड्यावर एकाएकी गाव उगवायचं.

कार्तिकातली अमावास्या जवळ आली होती, कारण चंद्रही आम्हाला चालत नाही. पहिल्या रात्री दिवा लावला आणि ढग आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. दोन्ही रात्री उपग्रह वेळेवर आला, दिवा वेळेवर लागला, मी वहीत तिन्ही रात्रींची चाळीस-चाळीस मिनिटं लिहिली. काम फत्ते झालं. चौथ्या दिवशी सकाळी आमचे ड्रायव्हर इलाही मुजावर जीपमध्ये सामान चढवत होते, तेवढ्यात भागूमावशी येऊन उभ्या राहिल्या.

“दिवा दोन दिस ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “जनित्र बी.”

“का?”

“वरक येत्यात आज, घर बगाय. दोन रात्री ऱ्हानार. मी सांगून बसलीया.”

“काय सांगून बसलाय?”

“लाईट आली म्हनून.”

मुजावरांनी हातातली पेटी खाली ठेवली. मी म्हटलं, “मावशी, खांब कुठे आहेत? ते विचारणार नाहीत?”

“सांगितलंय, वायर भुईतनं आनलीया, घरातली जोडनी मागनं.”

“अहो, पण हे खोटं आहे.”

“तीन म्हैनं खोटं हाय,” भागूमावशी म्हणाल्या. “लगीन माघात. तवर खांब येत्यातच. मग खरं हुईल.”

मी त्यांना प्रमाणदिव्याचं सगळं समजावून सांगितलं; तो जळेल तसा मंद होतो, तो या कामासाठी नाही, वगैरे. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. साधा बल्ब आमच्याकडे एकच होता आणि तो मुजावरांनी आदल्या दिवशी फोडला होता. नवलू गोठ्याच्या दाराशी उभा राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. चौतीस वर्षांचा बाप्या, आणि आईने त्याच्यासाठी परक्या बाईपुढे पदर पसरलेला त्याला बघावा लागत होता. मला नाही म्हणता आलं नाही. म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

“फक्त दोन रात्री,” मी म्हटलं.

“दोनच,” भागूमावशी म्हणाल्या.

दिव्याचं तोंड वरच ठेवलं, कारण तो माणसांकडे वळवला असता तर पाहुणे आंधळे होऊन परत गेले असते. जनित्र गोठ्याच्या मागे खड्ड्यात उतरवलं आणि त्यावर गवताच्या पेंढ्या रचल्या. मुजावर त्याच्यापाशी डिझेलचा डबा घेऊन बसले. पाहुण्यांना माझी ओळख ‘लाईटीच्या बाई’ अशी करून देण्यात आली, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

कोंडीबा वरक हे उंच, वाळके, कमी बोलणारे गृहस्थ होते. सोबत त्यांचा भाऊ. त्यांनी अंगणातला उजेड पाहिला, मग कान दिला.

“आवाज कसला?”

“चक्कीचा,” भागूमावशी म्हणाल्या. “लाईट आली तशी चक्की बसवली.”

“रातच्याला दळता?”

“दळप लई साठलंय.”

कोंडीबांनी मान हलवली. मी चाळीस मिनिटांनी दिवा बंद करायला उठले तर भागूमावशींनी माझं मनगट धरून खाली बसवलं आणि पुटपुटल्या, “इझवलासा तर म्हनत्याल, गेली लाईट.” झालं, दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत दिवा जळला. दुसऱ्या रात्रीही जळला. बावीस तास. आख्ख्या वर्षात तो इतका जळला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी फुटली, माघातली तारीख धरली, आणि नवलू हसला. मी त्याला हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

वहीत मी ते बावीस तास लिहिले नाहीत. ‘प्रयोजन’ या रकान्यात काय लिहिणार होते? मी वही मिटली, मुजावरांकडे पाहिलं, मुजावरांनी रस्त्याकडे पाहिलं. अळीमिळी गुपचिळी.

पुण्यात आल्यावर रिवाजाप्रमाणे दिवा पुन्हा मोजला. तो तीन टक्के मंद झाला होता. आमचे प्रमुख डॉक्टर टिपणीस भला माणूस, पण आकडा दिसला की सोडत नसत.

“दोन तास जळून तीन टक्के?” ते म्हणाले. “असं कसं होईल?”

“थंडी फार होती, सर,” मी म्हटलं.

याला काही अर्थ नव्हता, पण त्यांनी तो लावला. दिवा सड्यावर असतानाच मंद झालेला असणार, तरी उपग्रहाला तो चांगला दिसला, म्हणजे उपग्रहच उजेड वाढवून सांगतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एरवी डोळा अगदी स्थिर, भरवशाचा, फक्त सरासरीने दीड टक्का वजा करत जावा. आमचा अहवाल परदेशात गेला. टिपणीसांना व्याख्यानाचं बोलावणं आलं. अहवालावर दुसरं नाव माझं होतं आणि संस्थेत पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला.

पौषात एका दुपारी पहारेकऱ्याचा फोन आला, फाटकावर तुमची माणसं आलीयेत. बाहेर भागूमावशी आणि नवलू उभे होते. रात्रीच्या एसटीने आले होते. मावशींनी पिशवीतून नवा कागद काढला आणि या वेळी मला हातात दिला. वीज कचेरीचं पत्र होतं. उपग्रहाच्या नकाशानुसार सांबरखोल वाडी प्रकाशित असल्याचे आढळून आले, सबब वाडीचे नाव यादीतून वगळण्यात येत आहे.

मी ते दोनदा वाचलं. कार्तिकातल्या त्या काळोख्या पंधरवड्यात सड्यावर चार रात्रीच निरभ्र गेल्या होत्या. त्यातल्या दोन मी कळवल्या होत्या, त्या त्यांनी वगळल्या. उरलेल्या दोन मी कळवल्या नव्हत्या. आभाळातल्या डोळ्याने त्या दोन रात्री सांबरखोलकडे पाहिलं आणि जे दिसलं ते इमानदारीत लिहून घेतलं.

“तुमचंच यंत्र हाय न्हवं ते?” भागूमावशी म्हणाल्या. “मग तुमी लिवून द्या, अंधार हाय म्हनून.”

त्यांना काही कळलं नव्हतं. मी तिथेच, फाटकापाशी, कुंड्यांच्या कठड्यावर बसून त्यांना सांगितलं की तो उजेड आपलाच. नवलू ऐकत होता. भागूमावशींनी वर आभाळाकडे पाहिलं.

“म्हंजे त्येला बी खरंच वाटलं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर तालुक्याला गेले. मुजावरही आले, त्यांच्याही मनाला लागलं होतं. वीज कचेरीतले शिरगुप्पे साहेब टापटिपीचे गृहस्थ होते. त्यांनी आमचं म्हणणं ऐकलं, कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. आत आमचा अहवाल होता, छापील, बांधीव.

“मॅडम, उपग्रह खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. “हे आम्ही नाही, तुम्हीच लिहिलंय. हे दुसरं नाव तुमचंच ना?”

“माझंच.”

“मग?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी म्हटलं, “त्या दोन रात्री वाडीत जो उजेड होता तो माझ्या दिव्याचा. वाडीत लाईट नाही.”

“तुमच्या वहीत आहे हे?”

“नाही.”

“मग वहीत आणा. त्यावर तुमच्या साहेबांची सही आणा. आणि पंचनामा लागेल. त्या दोन रात्री तिथे हजर असलेला, वाडीबाहेरचा माणूस पाहिजे. वाडीवाले त्यांच्या फायद्याचंच सांगणार, आणि तुमचे ड्रायव्हर तुमचेच. यादी सोमवारी बंद होते. त्यानंतर पुढची पाच वर्षांनी.”

वाडीबाहेरचा माणूस. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. तो कोण आहे हे खोलीतल्या आम्हा तिघांना माहीत होतं आणि सांगायची मला हिंमत नव्हती. म्हटलं, भागूमावशी आता हात जोडतील, राहू द्या म्हणतील, पाच वर्षं तर पाच वर्षं. लग्न तरी होऊन जाईल.

“हाय की,” भागूमावशी म्हणाल्या. “कोंडीबा वरक, रानार वरकवाडी. लिवून घ्या.”

शिरगुप्पे साहेबांनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी मावशींना बाजूला घेतलं. “अहो, ते सोयरीक मोडतील. नवलूला विचारा तरी.”

“नवलू एक हाय,” त्या म्हणाल्या. “घरं अठरा हाईत.” मग आवाज उतरला. “त्येला काय इचारू, बाई? त्यो न्हाई म्हननार न्हाई. त्येच तर दुखनं हाय.”

नवलू कचेरीत आलाच नव्हता, जीपच्या पायरीवर बसला होता. त्याने आमचं बोलणं ऐकलं होतं. तो एवढंच म्हणाला, “म्या वरकांच्या दारात येत न्हाई. तुमी जावा.” त्याला आम्ही फाट्यावर सोडलं.

कोंडीबा वरकांनी आम्हाला ओसरीवर घोंगडं टाकून बसवलं. सगुणा पाणी घेऊन आली, भागूमावशींच्या पाया पडली आणि आत गेली. शिरगुप्प्यांनी सोबत दिलेल्या कारकुनाने कागद पुढे केला. मी सगळं सांगितलं. दिवा कोणाचा, जनित्र कुठे होतं, कशासाठी. कशासाठी हे सांगताना माझा आवाज फार लहान झाला.

कोंडीबा म्हणाले, “म्हंजे चक्की न्हवती.”

“न्हवती,” भागूमावशी म्हणाल्या.

“वाटलंच मला. पिठाचा वास न्हवता.” त्यांनी कागद कारकुनाकडून वाचून घेतला, एकदा, सावकाश. मग सही केली. एक एक अक्षर दाबून, पूर्ण नाव. “जे बगितलं ते खरं हाय. वाडीला लाईट मिळू दे.”

“आनि पोरांचं?” भागूमावशींनी विचारलं.

“सुपारी परत नेवा.”

“दोन म्हैन्यात खांब येत्यात, दाजी.”

“लाईटीचं न्हाई,” कोंडीबा म्हणाले. “अंधारात दिली असती मी एक डाव, पोरीचं मन हुतं. पर माझ्या पोरीनं रोज इचारत बसायचं का, ह्यातलं खरं काय नि चक्की कंची?”

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. सगुणा परत बाहेर आली नाही. भागूमावशी उठल्या, कोंडीबांना नमस्कार केला आणि चालत जीपपर्यंत आल्या. गाडीत मी म्हटलं, “मावशी, मला माफ करा.” त्या म्हणाल्या, “दिवा लावा, मीच म्हनलं हुतं.” फाट्यावर नवलू उभा होता. त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता मागे जाऊन बसला.

रविवारी मी टिपणीसांच्या घरी गेले. वही उघडली, त्यांच्यादेखत बावीस तास लिहिले, प्रयोजनासकट, आणि सहीसाठी पुढे केली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“तुम्ही प्रमाणदिवा सोयरिकीसाठी जाळलात?”

“हो, सर.”

“म्हणजे ते तीन टक्के थंडीने नाही.”

“नाही, सर. उपग्रहाचा डोळा ठणठणीत आहे.”

व्याख्यान पुढच्या महिन्यात होतं. मग त्यांनी विचारलं, “मुलगी कशी आहे?”

“मोडलं, सर.”

“अरेरे,” टिपणीस म्हणाले आणि सही केली.

अहवाल आम्ही मागे घेतला. दिवा बिगरवैज्ञानिक कारणासाठी वापरला गेला, असं कळवलं, तर परदेशातून नम्र पत्र आलं, कारण नेमकं काय ते कृपया नमूद करावं. मी नमूद केलं. त्यावर पुन्हा पत्र आलं नाही. मला प्रयोगशाळेतून काढून संस्थेच्या भांडारात बसवलं, तिथे मी चार वर्षं बल्ब, वायरी आणि खुर्च्या सांभाळल्या. टिपणीसांना त्या व्याख्यानाचं बोलावणं परत कधी आलं नाही. त्यांनी ते मला एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

चैत्रात सांबरखोलला खांब आले. मला आवतण आलं, मी आणि मुजावर गेलो. वायरमनने संध्याकाळी खालून कळ दाबली आणि अठरा घरांत एकदम उजेड झाला. माणसं बाहेर येऊन एकमेकांच्या घरांकडे बघत उभी राहिली. कुणीतरी खांबाला हळदकुंकू लावलं. सगुणाचं लग्न फाल्गुनात दुसरीकडे झाल्याचं मला मुजावरांनी वाटेतच सांगितलं होतं, म्हणून मी तो विषय काढला नाही.

भागूमावशींच्या घरात मधल्या वाशाला बल्ब टांगला होता. त्या जेवायला वाढत होत्या, पण हात मध्येच थांबत होता. “भिती किती काळ्या हाईत,” म्हणाल्या. मग, “ह्ये भांडं म्या घासलंय म्हनायचं?” स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या बघत होत्या.

नवलू गोठ्यातून आला, हातपाय धुऊन ताटावर बसला. दिवसभर तो म्हशींमागे रानात, डोक्याला मुंडासं; ते उतरायचं ते घरी आल्यावर, अंधार पडल्यानंतर. आजही त्याने ते काढून खुंटीला लावलं. भागूमावशी भाकरी घेऊन त्याच्यापुढे वाकल्या आणि तशाच राहिल्या. वरून उजेड सरळ त्याच्या डोक्यावर पडत होता. कानांच्या वर, मागे, टाळूपर्यंत पांढरं झालेलं होतं.

“नवलू,” त्या म्हणाल्या, “तुजं क्यास कवा पिकलं?”

नवलूने मान वर केली नाही.

“लई वर्सं झाली, आये,” तो म्हणाला. “वाढ.”